कोल्हापुरात बसून, स्वतः शिकून इंटरॅक्टिव्ह वेब डेव्हलपर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतः शिकून या कामात येऊ पाहणाऱ्यांचे मेसेज सतत येतात. बहुतेक शहरातून, बाकीचे इचलकरंजी, गडहिंग्लज, कागल, निपाणीकडून. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सगळं वाचायची गरज नाही. पण ८, ९ आणि १० सोडू नका, कारण मुलं अडकतात ती तिथेच.

१. इंटरॅक्टिव्ह वेब डेव्हलपर म्हणजे नेमकं कोण? वेबसाइट करणाऱ्यापेक्षा वेगळं काय?

साध्या वेबसाइटवर माणूस वाचतो आणि खाली सरकतो. इंटरॅक्टिव्ह पानावर तो काहीतरी करतो आणि पान त्याला उत्तर देतं. चपलेचा पट्टा बदलून बघतो, पंपाचा भाग बोटाने फिरवून बघतो, नकाशावर आपलं गाव शोधतो, अपूर्णांक समजावा म्हणून पडद्यावरची भाकरी कापून बघतो. एकेकाळी यातलं बरंच काम फ्लॅशमध्ये (अडोबी कंपनीच्या हलती पानं बनवायच्या साधनात) व्हायचं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश प्लेयरचा सपोर्ट थांबवला. आता सगळं ब्राउझरमध्येच असलेल्या साधनांवर चालतं: एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (दिसणं आणि मांडणी), जावास्क्रिप्ट (पानाचं वागणं), एसव्हीजी (रेषा-आकारांची चित्रं), कॅनव्हास (कोडने रंगवायची पाटी), वेबजीएल (थ्रीडी).

२. ताई, माझं बी.कॉम. झालंय, वय २९. इंजिनीअरिंगची डिग्री नसताना कुणी घेईल का?

मोठ्या आयटी कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत नाही. तिथे शाखा आणि टक्केवारीची चाळणी असते, तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. छोटे डिझाइन स्टुडिओ, जाहिरात एजन्सी आणि शिक्षणाचं साहित्य करणाऱ्या कंपन्या मात्र आधी लिंक मागतात. लिंक उघडली आणि काम आवडलं तर शिक्षणाचा विषय चहा पिताना निघतो. वयाचं म्हणाल तर २९ काही जास्त नाही, पण हातातली नोकरी सोडून शिकायला बसू नका. घरातून महिन्याला "काय झालं तुझ्या कोर्सचं?" असं विचारलं जायला लागलं की शिकणं होत नाही, घाई होते. पुढे वर्क व्हिसावर परदेशी जायचं मनात असेल तर एक गोष्ट धरून चला. बऱ्याच देशांत तिथे डिग्रीचा कागद लागतो.

३. इंग्रजी कच्चं आहे. चालेल?

वाचायचं इंग्रजी लागतं, बोलायचं नंतर येतं. एमडीएन (वेबच्या भाषांचा ऑनलाइन संदर्भकोश) उघडून रोज एक पान वाचा. शब्द तेच ते असतात, महिन्याभरात सरावाचे होतात. परदेशी क्लायंटचं बहुतेक बोलणं लेखी असतं, आणि लेखी उत्तर द्यायला वेळ मिळतो.

४. लॅपटॉप कोणता घेऊ? मोबाइलवर शिकता येईल का?

मोबाइलवर वाचता येतं, कोड लिहिणं जमत नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला वापरलेला लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. थ्रीडीकडे जायचं असेल तर १६ जीबी बघा. वाचलेल्या पैशात एक स्वस्तातला, जुना अँड्रॉइड फोन घ्या. तो का, ते प्रश्न ९ मध्ये.

५. काय शिकू आणि कुठल्या क्रमाने?

आधी एचटीएमएल आणि सीएसएस, फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड (सीएसएसमधल्या मांडणीच्या दोन पद्धती) न बघता लिहिता येईपर्यंत. मग जावास्क्रिप्ट, तीही लायब्ररीशिवाय (दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडशिवाय): बटण दाबलं, स्लायडर सरकवला, बोट ओढलं, तर काय बदलायचं. त्यानंतर एसव्हीजी, मग कॅनव्हास. इथवर आलात की एकच लायब्ररी घ्या. हालचालीकडे ओढा असेल तर जीसॅप (२०२५ पासून तिचे सगळे प्लगइन फुकट झाले आहेत), थ्रीडी आवडत असेल तर थ्रीजेएस. गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) पहिल्या आठवड्यापासून.

रिअॅक्ट (पानाचे भाग बनवून जोडायची लोकप्रिय लायब्ररी) कुठे गेलं, असं सगळे विचारतात. नोकरीच्या जाहिरातीत ते असतं, त्यामुळे शिकावं लागेलच, पण वरचं झाल्यावर. रिअॅक्टपासून सुरुवात केलेल्या मुलांना पान अडखळलं की दोष कुठला, हेच कळत नाही. आणि एकदम पाच लायब्ररींची नावं सीव्हीत टाकणाऱ्याला मुलाखतीत पहिल्याच लायब्ररीवर अडकवता येतं.

६. राजारामपुरीत सहा महिन्यांचा क्लास आहे, फी भरपूर आहे. लावू का?

फी भरण्याआधी एकच गोष्ट मागा: मागच्या बॅचच्या पाच मुलांच्या कामाच्या चालू लिंका. प्लेसमेंटचे फोटो नकोत, बोर्डावरची नावं नकोत. पाचही लिंकांवर तेच रेस्टॉरंटचं पान, फक्त रंग वेगळा, असं दिसलं तर उत्तर मिळालं. फ्रीकोडकॅम्प या शिकवणाऱ्या साइटवर हाच अभ्यासक्रम फुकट आहे. घरी बसून होतच नाही, चार माणसांत बसल्याशिवाय हात चालत नाही, अशा स्वभावाच्यांना क्लासचा उपयोग होतो. तो स्वभाव तुमचा आहे का, हे तुम्हालाच माहीत.

७. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण कोरी फाइल उघडली की काहीच सुचत नाही. मी या कामाचा नाही का?

तालमीच्या कठड्यावर बसून कुस्ती बघितली की डाव कळतात, लागत नाहीत. एक व्हिडिओ बघा, बंद करा आणि तेच आठवून लिहा. जिथे अडकाल तिथे व्हिडिओ परत लावू नका, एमडीएन उघडा. दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीत एक बदल करा जो व्हिडिओत नव्हता. उजवीकडून येणारा मेनू खालून आणा, एवढाही चालतो. हे सगळ्यांना होतं, माझ्यासोबत काम करणाऱ्या चांगल्या मुलांनाही झालंय.

८. पोर्टफोलिओत काय ठेवू? टू-डू लिस्ट, कॅलक्युलेटर, हवामान ॲप झालंय.

ते तिन्ही काढा. निवडणाऱ्याने ते इतक्यांदा पाहिलेलं असतं की तो उघडतही नाही. त्यापेक्षा आपल्याच गावातलं, आपल्याला खरंच माहीत असलेलं काहीतरी घ्या. तीन पुरेत, आणि तिन्ही पूर्ण झालेली.

एक उदाहरण सविस्तर देते. जुलै आला की अख्खं कोल्हापूर एकच आकडा विचारतं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर? इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. यावर एक पान करा. एसव्हीजीमध्ये नदीचा उभा छेद काढा, खाली स्लायडर ठेवा, सरकवला की पाणी चढेल. ३९ ला रंग बदलेल, ४३ ला पुन्हा बदलेल. दिसायला सोपं आहे, पण करायला बसलात की खरे प्रश्न येतात. बातमीत पातळी फूट आणि इंचात असते. ४३ फूट ६ इंच म्हणजे ४३.६ नव्हे, ४३.५. हे रूपांतर चुकलं तर पाणी चुकीच्या उंचीवर दिसतं आणि कोल्हापूरकर लगेच पकडतो. स्लायडर ब्राउझरचा मूळ वापरलात तर कीबोर्डच्या बाणांनीही चालतो. डिव्हपासून (एचटीएमएलच्या साध्या रिकाम्या चौकोनापासून) स्वतः बनवलात तर ती सोय तुम्हाला लिहावी लागते. रंगच बदलला आणि शब्दांत काही सांगितलं नाही, तर लाल-हिरवा न ओळखणाऱ्याला काहीच कळत नाही. आकडे प्रशासनाच्या पत्रकांतून घेतलेत तर तारीख आणि वेळ पानावर लिहा, आणि हे सरावाचं पान आहे, इशारा देणारी सेवा नव्हे, हे ठळक लिहा. लोक अशा पानावर विसंबून जनावरं हलवतात. ही खबरदारी घेतलेली दिसली की समोरच्याला तुमचा विचार कळतो.

दुसरी कल्पना किरणोत्सवाची. अंबाबाईचं मंदिर पश्चिमाभिमुख. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत येतात. तारीख आणि वेळ बदलली की सूर्याचा कोन बदलून किरण कुठवर पोचतो हे दाखवा. इथे त्रिकोणमिती लागते, थोडं डोकं खाजवावं लागतं, पण अशा कामाने मुलाखतीतली निम्मी बोलणी आपोआप होतात.

प्रत्येक कामासोबत दहा-बारा ओळी लिहा: काय ठरवलं, काय सोडलं, का सोडलं. गिटहब (गिटमधलं काम ऑनलाइन ठेवायची साइट) इथल्या पेजेस या सोयीवर ते फुकट ठेवता येतं.

९. लॅपटॉपवर मस्त चालतं, मोबाइलवर अडखळतं. काय करू?

तुमचा ग्राहक लॅपटॉपवर नाही. तो एसटीत बसलाय, हातात तीन वर्षं जुना फोन आहे आणि उन्हामुळे स्क्रीन नीट दिसत नाही. म्हणून प्रश्न ४ मधला स्वस्त फोन.

पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे एका चित्रासाठी (फ्रेमसाठी) तुमच्याकडे साधारण १६.७ मिलिसेकंद असतात. त्यातच कोड चालला पाहिजे, मांडणी ठरली पाहिजे, रंगवून झालं पाहिजे. टॉप, लेफ्ट, रुंदी, उंची बदलत राहिलात तर ब्राउझर दर वेळी मांडणी नव्याने मोजतो. ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) वापरा, ते हलकं पडतं. हालचालीसाठी सेट-इंटरव्हल (ठरावीक वेळाने कोड चालवणारं) नको, रिक्वेस्ट-अॅनिमेशन-फ्रेम (पडदा रंगायच्या आधी कोड चालवणारं) घ्या. त्यातही दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल सरकवू नका, किती वेळ गेला ते मोजून सरकवा. नाहीतर १२० हर्ट्झच्या नव्या फोनवर तुमचा पडद्यावरचा बैल दुप्पट वेगाने पळतो. ही चूक मला पोर्टफोलिओंमध्ये सगळ्यात जास्त दिसते, कारण करणाऱ्याच्या स्वतःच्या पडद्यावर ती दिसतच नाही.

कॅनव्हास किंवा थ्रीडी असेल तर डिव्हाइस पिक्सेल रेशो (पानाच्या एका पिक्सेलला आडवे-उभे फोनचे किती पिक्सेल लागतात) बघा. ३ रेशोच्या फोनवर १ च्या नऊपट पिक्सेल रंगवावे लागतात. तो २ वर अडवला तर चारपटच, आणि डोळ्याला फरक जवळजवळ कळत नाही. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांत) परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू चारपट, सहापट मंद करून बघता येतो. पण फोन यूएसबीने जोडून खऱ्या फोनवर तपासण्याला तोड नाही.

हालचालीने ज्यांना चक्कर येते अशांनी फोनमध्ये ॲनिमेशन कमी करण्याचं सेटिंग लावलेलं असतं. सीएसएसमध्ये ते ओळखता येतं. ओळखा आणि हालचाल थांबवा.

१०. मराठी शीर्षक अक्षराअक्षराने आणायचं होतं, पण अक्षरं फुटली. फॉन्ट खराब आहे का?

फॉन्ट बिचारा ठीक आहे. जालावरची तयार उदाहरणं रोमन लिपीसाठी लिहिलेली असतात, ती मजकुराचे सुटे सांकेतिक तुकडे करतात. "लक्ष्मी" घ्या. आपल्याला दोन अक्षरं दिसतात, ल आणि क्ष्मी. कॉम्प्युटरला सात तुकडे दिसतात: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी. प्रत्येक तुकडा वेगळ्या स्पॅनमध्ये (एचटीएमएलमधल्या मजकुराच्या छोट्या डब्यात) टाकलात की जोडाक्षर मोडतं आणि वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर लटकते. क्लायंटला हे दाखवलं तर तो म्हणतो, "आमचं नाव बिघडवलं."

जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर नावाचं मजकूर तोडायचं साधन आहे, तो तुकडे बऱ्यापैकी नीट पाडतो. पण देवनागरी जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षर-संकेतांच्या मानकात) २०२३ ला आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरमध्ये तो क्ष्मी तोडतो. माझं मत सांगते: मराठीत अक्षराने नको, शब्दाने आणा. शिरोरेषा सलग दिसते आणि वाचायलाही बरं.

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते. ओळीची उंची इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. ओव्हरफ्लो (चौकटीबाहेर जाणारा भाग) लपवून मजकूर खालून वर आणण्याची फॅशन आहे, त्यात रफार आणि उकार कापले जातात. एचटीएमएलमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नाही. फॉन्टसाठी मुक्त, बलू, तिरो देवनागरी मराठी बघा, तिन्ही फुकट. आणि क्लायंटने मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) दिला तर आधी युनिकोडमध्ये करून घ्या. त्याचा वेळ कोटेशनमध्ये धरा, कारण रूपांतरानंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते.

कोल्हापुरातल्या मुलाला पुण्या-मुंबईच्या एजन्सीने का घ्यावं, याचं एक उत्तर मला इथे दिसतं. हे नीट करणारे कमी आहेत.

११. आता एआय कोड लिहितो. मग शिकून काय करू?

लिहितो, आणि चांगला लिहितो. मीही वापरते. पण त्याला "शीर्षक अक्षराने आण" म्हणा, तो बहुधा प्रश्न १० मधलीच चूक करून देईल आणि ती चूक आहे हे ओळखायला तुम्ही लागता. शिकताना एक पथ्य ठेवा: त्याने दिलेली प्रत्येक ओळ तोंडी समजावता आली पाहिजे. मुलाखतीत हल्ली कोड लिहायला कमी सांगतात, आणि "इथे हे का केलंस?" हेच जास्त विचारतात.

१२. कोल्हापुरात अशा कामाला गिऱ्हाईक आहे का? पहिलं काम कुठून आणू?

थेट गिऱ्हाईक थोडं आहे. पहिलं काम बहुधा पुण्या-मुंबईच्या एजन्सीकडून येतं, ज्यांना एका मोहिमेपुरता हात कमी पडतो. त्यांना मेलमध्ये स्वतःची कहाणी लिहू नका. दोन ओळी आणि एक लिंक द्या.

गावात शोधायचं तर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीतल्या फाउंड्र्या आहेत, हुपरीचे चांदीवाले आहेत, चपलांचे दुकानदार आहेत. फाउंड्रीत जाऊन "थ्रीडी वेबसाइट करू" म्हणू नका, मालक हसून चहा देईल आणि विषय संपेल. बाहेरगावच्या खरेदीदाराला ते सध्या काय पाठवतात, ते विचारा. बहुतेक वेळा जाडजूड पीडीएफ असते. त्यातला एक भाग फिरवून बघता येईल असं पान करून दाखवा. इथे एक मेख आहे: कास्टिंगचं (ओतीव भागाचं) ड्रॉइंग बऱ्याचदा फाउंड्रीचं नसतंच, ते त्यांच्या ग्राहक कंपनीचं असतं. कॅड फाइल (त्या ड्रॉइंगची कॉम्प्युटर फाइल) हातात मिळाली म्हणून जालावर टाकू नका. लेखी परवानगी घ्या किंवा स्वतः साधं मॉडेल बनवा.

चपलेचं उलट आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि २०२५ मध्ये इटलीच्या फॅशन कंपनी प्राडाच्या वादामुळे जगभर नाव झालं, पण ऑनलाइन घेणाऱ्याची खरी अडचण मापाची असते. फिरणाऱ्या थ्रीडी चपलेपेक्षा पायाचं माप नीट घेऊन देणारं पान दुकानदाराला जास्त उपयोगाचं.

१३. किती पैसे सांगू? ओळखीचे लोक तर "भावा, तुझंच समज" म्हणून फुकट मागतात.

कामाचे तुकडे पाडा, प्रत्येकाला किती तास लागतील ते लिहा, बेरजेत तिसरा हिस्सा वाढवा (बदल सांगितले जाणारच) आणि तुमच्या तासाच्या दराने गुणा. दर ठरवताना महिन्याचा घरखर्च, नेट, लाइट, लॅपटॉपची झीज धरा आणि महिन्यात पैसे देणारे तास ऐंशीच्या वर मोजू नका. उरलेला वेळ शिकण्यात, मेलमध्ये आणि पैसे मागण्यात जातो.

कोटेशनमध्ये बदलांच्या किती फेऱ्या ते लिहा, दोन पुरेत. निम्मे पैसे आधी. पावण्याकडून हे मागायला जड जातं, म्हणून पावण्याचं काम घ्यायचं असेल तर पूर्ण फुकट करा आणि तसं सांगून करा. अर्ध्या पैशात केलेल्या ओळखीच्या कामात सगळ्यात जास्त फेऱ्या होतात.

१४. काम झालं, साइट चालू आहे, पैसे देत नाहीत. काय करू?

आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे, आणि काम घेण्यापूर्वीच केलेली बरी. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि अशी थकबाकी मिळवून देणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून असे थकवलेले पैसे क्लायंट कंपनीला खर्च म्हणून आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाहीत, त्यामुळे मार्चमध्ये कंपनीच्या अकाउंटंटला एक आठवणीचा मेल टाकायला विसरू नका.

साइट बंद पाडायची धमकी देऊ नका. सोर्स कोड शेवटचा हप्ता आल्यावर मिळेल, हे सुरुवातीच्या कोटेशनमध्येच लिहा.

१५. जीएसटी, टीडीएस, परदेशी पैसे: यातलं मला काय लागतं?

सेवेतली वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परदेशी क्लायंटची सेवा निर्यातीत धरली जाते, तिला शून्य दर आहे. नोंदणी केली असेल तर एलयूटी (जीएसटीचं हमीपत्र) भरून कर न लावता बिल करता येतं. पेपलवर भारतातल्या भारतात पैसे घेणं १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे, बाहेरून येतात. बँक पर्पज कोड (पैसे कशाबद्दल आले त्याचा संकेत) विचारेल आणि पैसे आल्याचा दाखला देईल, तो जपून ठेवा. कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला तर घाबरू नका, रिटर्न भरताना तो वळता होतो. वर्षातून एकदा सीएची फी द्या.

१६. पुण्याला जावं का?

पहिली दोन वर्षं जमत असेल तर जा. घरून काम करूनही शिकता येतं, पण शेजारी बसलेला माणूस तुमच्या कोडवर बोट ठेवून "हे कशाला?" म्हणतो, ते व्हिडिओ कॉलवर होत नाही. घरची अडचण असेल तर राहा, दर काही महिन्यांनी पुण्यात एक चक्कर मारा आणि एजन्सीतल्या माणसांना प्रत्यक्ष भेटा. कोल्हापुरात खर्च कमी आणि पुण्याचा दर मिळाला तर फायदा आहेच, फक्त तो दर पहिल्या दिवशी मिळत नाही.

१७. कंपनीत केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येतं का? आणि जालावरचा कोड उचलला तर?

नोकरीत लिहिलेला कोड साधारणपणे कंपनीचा. साइट सार्वजनिक असेल तर लिंक देऊन "यातला हा भाग मी केला" असं लिहिता येतं, पण करारात गोपनीयतेचं कलम असेल तर आधी ईमेलवर परवानगी घ्या. एजन्सीमार्फत केलेल्या कामात हे हमखास असतं, आणि एजन्सी तुमचं नाव क्लायंटपासून लपवतेही. म्हणून प्रश्न ८ मधली स्वतःची तीन कामं कधी काढू नका.

कोडचा परवाना वाचा. एमआयटी परवान्याचा कोड पैशाच्या कामात चालतो, मूळ सूचना ठेवावी लागते. परवानाच लिहिलेला नसेल तर तो मोकळा आहे असं समजू नका. थ्रीडी मॉडेल आणि फोटोंनाही हेच. मंदिरातले फोटो वापरताना तर दोनदा विचारा.

१८. जुलैत लाइट आणि नेट जातं. ऐन डेडलाइनला गेलं तर?

दिवसातून दोनदा काम गिटहबवर ढकला, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपवर उघडता येईल. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. २०१९ आणि २०२१ सारखं पाणी आलं तर त्याचाही उपयोग नाही, म्हणून जुलै-ऑगस्टच्या तारखा देताना आठवडा वाढवून द्या आणि कारण सरळ लिहा. पूररेषेत राहणाऱ्यांनी लॅपटॉप आणि हार्डडिस्क वरच्या मजल्यावर किंवा पाहुण्यांकडे कधी हलवायची ते आधीच ठरवून ठेवावं. ३९ फुटांची बातमी आली की हलवायची, ४३ ची वाट बघायची नाही.